नोर्डझांडची तोंडी परीक्षा

धैर्यशील मारिकेला मागणी घालायला तिच्या आईबापाकडे हॅमिल्टनला गेला, तो बारावीची परीक्षा असल्यासारखा. तिचा बाप हेंड्रिक मूळचा हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या नोर्डझांडचा. ते अख्खं गाव धैर्यशीलने इंटरनेटवरून घोकून आणलं होतं. सोफ्यावर टेकल्या टेकल्या तो सुरू झाला. पुरात अर्धं वाहून गेलेलं चर्च, विटांचं दीपगृह, वाळूच्या टेकड्या, हेरिंग माशांचा बाजार. गाढवाने मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.

"झालं?" हेंड्रिक गुरकावला. "त्या माशांच्या वासाला विटून मी पळालो तिथून. दीपगृह गेलं खड्ड्यात!"

मारिकेने डोळे मिटून घेतले. लग्न बोंबललं, हे कळल्यावर धैर्यशीलचं डोकंच फिरलं.

"मग मी काय हौसेनं पळालो, अंकल? मी हर्णै बंदराचा. माझ्या दप्तरालासुद्धा सुकटीचा वास यायचा!"

हेंड्रिक खदखदून हसला. "अरे, मग हे आधी सांगायचंस ना!"

तेवढ्यात मारिकेची आई ट्रे घेऊन आली. "खास तुझ्यासाठी हं, धैर्यशील. आमच्या गावची हेरिंग, कच्ची, वर कांदा."

"जावयाला आधी दे," हेंड्रिक म्हणाला, आणि बायकोची पाठ वळताच त्याने स्वतःचीही प्लेट जावयापुढे सरकवली.

धैर्यशीलने मुकाट्याने दोन्ही संपवल्या.