डावीकडून पहिली बाटली

मी तांबडी रक्तपेशी बोलतेय, आणि जरा घाईत बोलतेय, कारण माझ्या अंगात पाणी शिरतंय. तुम्ही बसा निवांत. घाई मला आहे.

माझा जन्म एका मुलीच्या हाडाच्या मज्जेत झाला. लहानपणी मलाही केंद्रक होतं, म्हणजे पेशीचं डोकंच म्हणा ना. मोठी होताना ते मी बाहेर टाकून दिलं. हिमोग्लोबिन नावाचा लोहाचा लाल माल भरायला जागा नको का? तेव्हापासून मला डोकं नाही आणि डोकेदुखीही नाही. फुप्फुसात प्राणवायू उचलायचा, मागणी असेल तिथे उतरवायचा आणि परत फिरायचं. गंमत म्हणजे त्यातला कणभरही मी स्वतः वापरत नाही, कारण तो वापरायची यंत्रंही मी तेव्हाच मोडीत काढली. दिवसभर इतरांना वाढायचं आणि आपण चिमूटभर साखरेवर भागवायचं, असा आमचा संसार.

मालकीण मात्र नगच मिळाली. ती नर्सिंगच्या कॉलेजात पेशी आणि रसायनं शिकते, पण शिकते कसली, घोकते. झोपेतून उठवून विचारलंत तरी ‘अर्धपारगम्य पटल’ वगैरे धडाधडा म्हणून दाखवेल. वर्गात तिला पोपट म्हणतात. मला हे कसं ठाऊक? अहो, कानाच्या पाळीतून माझी रोजची ये-जा, आणि तिथे जरा रेंगाळायची मला खोड आहे.

कोणी पोपट म्हटलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग आम्हाला हुकूम सुटायचा, चला गालांवर! आम्ही हजारोंनी धावत तिकडे गर्दी करायचो आणि बिचारीचं तोंड लालबुंद व्हायचं. मी कितीदा तरी गेलेय त्या गालांवर. दर वेळी कारण एकच, फजिती.

आज जी प्रात्यक्षिक परीक्षा आहे, तिच्यात ती मागे एकदा तोंडी प्रश्नांना अडखळून नापास झालेली. घरात कर्ती म्हणजे तिची ताई, शिवणकाम करते. परवा ताईनं शांतपणे सांगून टाकलं की या खेपेला राहिलीस तर कॉलेज बंद, माझ्या दुकानात काजं-बटणं करायला बस. ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. शांत बोलली, म्हणून ही रात्रभर येरझाऱ्या घालत घोकत राहिली आणि आमची धावपळ दुप्पट झाली.

परीक्षा तशी साधी. चिठ्ठी नसलेल्या तीन बाटल्या असतात. एकीत शुद्ध पाणी, एकीत रक्ताइतकंच खारट सलाइन आणि एकीत कडक मिठाचं पाणी. तिन्हींतला एकेक थेंब काचेवर घेऊन त्यात आपल्या बोटाचं रक्त घालायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि कोणती बाटली कुठली ते ओळखायचं.

बघतं कोण? कॉलेजात पिढ्यान्‌पिढ्या एक गुपित चालत आलंय. प्रयोगशाळेतले मामा ट्रे एकाच पद्धतीनं लावतात. डावीकडे साधं पाणी, मधे सलाइन, उजवीकडे कडक मीठ. वरच्या वर्गातले दादा-ताई जाता जाता धाकट्यांच्या कानात हे सांगून जातात आणि सगळे भिंगाला डोळा लावून बघितल्याचं नाटक करतात. मामांनाही हे माहीत असावं. ते गालात हसतात, पण क्रम बदलत नाहीत.

आज मामांनी ट्रे नेहमीसारखाच लावला होता. पण बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमना अंधुक दिसायला लागलं, म्हणून त्यांनी उजेडासाठी टेबल ट्रेसकट उलटं फिरवून घेतलं, डावं गेलं उजवीकडे. पोपटाच्या हे ध्यानीमनीही नाही, आणि तेव्हा माझ्याही नाही.

तिनं डोळे घट्ट मिटून बोटाला सुई टोचली आणि मी बाहेर पडले ती थेट डावीकडच्या थेंबात. गुपित मीही ऐकलेलं. म्हटलं, साधं पाणी, आता फुगून फुटणार, संपलं! पण कसचं काय. माझ्याच अंगातलं पाणी भराभरा बाहेर जाऊ लागलं. अंग आक्रसलं, कडेनं काटे आले. अगं बाई, हे तर कडक मीठ!

आणि वर आमची पोपट कागदावर खुशाल फुगून फुटलेल्या पेशी काढत बसलेली. मी खाली कोरडी पडत चाललेय आणि ही बया वर न बघता मला फोडतेय. असा संताप आला म्हणून सांगू!

मॅडमनी चित्र पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “हे तू पाहिलंस, की पाठ केलंस?”

तिच्याच्यानं खोटं बोलवेना. ती वाकली, भिंगाला डोळा लावला, आणि आमची पहिल्यांदा नजरानजर झाली. बाकीच्या दोन्ही काचाही तिनं पाहिल्या. मग चित्रावर काट मारून म्हणाली, “माझं उलटं झालंय, मॅडम. डावीकडे कडक मीठ आहे.”

“सिद्ध कर,” मॅडम म्हणाल्या.

हे काही कोणी तिच्याकडून पाठ करून घेतलं नव्हतं. तिनं तिन्ही बाटल्यांवरून नजर फिरवली. मग ड्रॉपरनं उजवीकडच्या बाटलीतलं पाणी घेतलं आणि माझ्यावरच्या पातळ काचेच्या कडेला सोडलं. पाणी खालून सरकत माझ्यापर्यंत आलं. काटे गेले, सुरकुत्या गेल्या, मी परत गोल झाले.

“हे बघा,” ती घाईघाईनं सांगायला लागली, “मघाशी बाहेर मीठ जास्त होतं, म्हणून हिच्यातलं पाणी बाहेर गेलं. आता बाहेरचं कमी झालं, तर ते परत आत चाललंय.”

हिच्यातलं! इतके दिवस तिचा संसार ओढला, पण तिनं माझ्याबद्दल स्वतःच्या शब्दांत काही बोलायची ही पहिलीच वेळ. एवढ्यानंच माझा राग गेला.

आता मी टम्म झालेय. तिनं पाणी जरा जास्तच सोडलं, हात सैल, ताईच्या दुकानात तरी काय उपयोग होता हिचा. शेजारची आत्ताच फुटली. माझं एकच मागणं आहे, पोरांनो. चित्र काढायच्या आधी एकदा खाली बघत जा. तिथे कोणीतरी तुमच्यासाठी जीव देत असतं.

वर मॅडम काहीतरी लिहितायत. म्हणाल्या, “आता समजलंय तुला. पास.” आणि तिच्या गालांवर लाली चढतेय, भिंगातून बघणारीचा गाल जवळच असतो, मला दिसतोय. फजितीवाचून आलेली ही तिची पहिलीच लाली. माझ्या सगळ्या बहिणी तिकडे धावल्या असतील. मी आत असते ना, तर सगळ्यांना ढकलून पुढे गेले असते.