चाकावरचा खडू

अपघातातल्या गाड्या उचलायची परवानगी सरकारने माझ्या नावावर दिली आहे, मुलाच्या नाही. मी दोन इयत्ता शिकले, पण नियम मला तोंडपाठ आहे. पोलीस चाकापासून रस्त्यापर्यंत खडूची रेघ ओढत नाही, तोवर क्रेनचा हुक गाडीला लावायचा नाही. गाडी कुठे उभी होती, हे त्या रेघेवरूनच ठरतं.

परवा आमचे चिरंजीव जेवताना फुशारकी मारत होते. "दुसऱ्या क्रेनवाल्याच्या नाकावर टिच्चून उचलली, आई! गाडी पार उलट्या बाजूला घुसून एका बाईच्या स्कूटरला धडकली होती. पोलीस यायच्या आत ओढून अलीकडे आणली."

"आणि स्कूटरवाली?"

"कोणी नर्स आहे. पाय मोडलाय. मीठ दे जरा."

पोलीस आले तेव्हा गाडी शहाण्यासारखी आपल्या बाजूला उभी. म्हणजे चूक त्या पोरीची, असं लिहून, रेघही न ओढता ते मोकळे. पाय तिचा मोडला आणि ठपकाही तिच्यावरच!

सकाळी आवारात गेले, तर सूनबाई उकिडव्या बसून त्या गाडीच्या चाकांवर खडूने रेघा मारत होत्या. "तपासणीला साहेब येणार आहेत, आई. रेघ दिसली नाही तर परवानगी जाईल." घरातली फरशी बाईंनी कधी इतकं मन लावून पुसली नाही. मला अगदी शिसारी आली.

साहेब आले आणि खुर्चीत बसले. खुर्चीतून उठायचे कष्ट न घेता लांबूनच म्हणाले, "रस्त्यावरची रेघ वाहतुकीने पुसली म्हणा. चाकावर आहे ना? झालं तर."

हे म्हणे तपासणारे! मी पदर ओला केला आणि चारही चाकं खसाखसा पुसून काढली.

"आई, डोकं फिरलंय का तुझं?" मुलगा ओरडला.

"आजी, पुरावा पुसलात तुम्ही!" साहेब म्हणाले.

"पुरावा कसला? आमच्या सुनेची चित्रकला आहे ती. रेघ मारायच्या आधीच या दिवट्याने गाडी उलट्या बाजूवरून ओढून आणली. लिहा तसं. आणि त्या नर्सवरचा ठपका काढा."

"लिहिलं तर तुमची परवानगी जाईल."

"माझी जाईल ना? मग तुमचा हात का अडलाय?"

"आणि आपण खायचं काय?" मुलगा म्हणाला.

"धडधाकट हात आहेत ना तुला? की तेही क्रेनला टांगून आलास?"

साहेबांनी कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करून लिहिलं. मी मोठ्याने वाचायला लावलं. 'गाडी उलट्या बाजूला होती,' हे वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग सही केली आणि क्रेनची चावी त्यांच्यापुढे टाकली.

तेव्हापासून मुलगा माझ्याशी बोलत नाही. बोलेल. तोंड बंद ठेवणं त्याला कधी जमलंय?