वापर शून्य, आकार पूर्ण

सकाळचा चहा झाला की म्हातारे उठायचे आणि भिंतीवरचं मेन स्विच खाली ओढायचे. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस; उगाच फिरणारं चक्र त्यांना बघवत नसे, मग ते मीटरचं का असेना. विधवा सून खिडकीच्या उजेडात पायमशीनवर लोकांचे कपडे शिवायची. थंडी मरणाची होती. हीटर कोपऱ्यात चादर पांघरून बसलेला.

"बाबा, तासभर तरी लावा. छातीत घरघरतंय तुमच्या."

"वापरलंच नाही तर घेतील काय, डोंबल? बघ या महिन्यात बिल कसं नांगी टाकतं."

बिलाने नांगी टाकली नाही. वापराचे पैसे चिमूटभर, आणि त्याखाली स्थिर आकार होता तेवढाच. दिवा लावा, न लावा; तार दारापर्यंत आली म्हणून दर महिन्याला भरायची खंडणी. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! पण म्हाताऱ्यांना वाटलं, आपलीच काटकसर कमी पडली. त्यांनी संध्याकाळचा दिवाही सोडला.

सून वीज कंपनीच्या कचेरीत गेली. तिथल्या मोठ्या साहेबांचा सत्कार व्हायचा होता आणि त्यासाठीचा लोकरी कोट तिच्याकडेच शिवायला होता. तेवढ्या ओळखीवर तिला साहेबांच्या खोलीत सोडलं.

"मावशी, तार, खांब, माणसं तुमच्यासाठी उभी असतात ना? त्याचा हा आकार. सगळ्यांना सारखा."

"तुमच्या बंगल्यात खोलीखोलीत ऊब, आणि आमच्या एका दिव्याला तेवढाच?"

"मग तुम्हीही जास्त वापरा की! युनिटमागे स्वस्त पडेल."

साहेब स्वतःच्या विनोदावर हसले. शेजारचा कारकूनही हसला. त्याला हसावंच लागत होतं.

घरी येऊन तिने हीटर लावला. ती कपडे पोचवायला बाहेर पडली की म्हातारे उठून पुन्हा बंद करायचे. ताप छातीत उतरला आणि त्याच आठवड्यात ते गेले. डॉक्टर म्हणाले, थंडी बाधली. थंडी एकटी आली नव्हती, हे सुनेला ठाऊक होतं.

घराला कुलूप लावून ती महिनाभर भावाकडे राहिली. परतली तेव्हा दाराच्या फटीत बिल होतं. वापर शून्य. स्थिर आकार पूर्ण.

तिने डोळे पुसले, तयार झालेला कोट खुंटीवरून काढला आणि खिडकीशी बसून उसवायला घेतला. आपल्या हातचं काम उसवताना एरवी तिचा जीव तुटायचा. त्या दिवशी तिला बरं वाटत होतं.

सत्काराच्या दिवशी साहेब स्वतः आले. तिने त्यांच्या हातात गाठोडं ठेवलं. आत बाह्या सुट्या, पाठ सुटी, कॉलर सुटी.

"हे काय?"

"कापड तुमचं होतं, ते घ्या. टाके माझे होते, ते मी काढून घेतले."

"आणि मी आगाऊ दिलेले पैसे?"

"तो स्थिर आकार. मशीन तुमच्यासाठी उभंच होतं ना, साहेब?"

"डोकं फिरलंय का तुझं? लाईन तोडून टाकीन!"

"तोडा. म्हातारं माणूस गारठवून मारलंत, आता तारेची भीती कुणाला घालता? आजपासून एक पैसा भरणार नाही. तुमच्या कचेरीतल्या कुणाचं बटणसुद्धा लावणार नाही."

आरडाओरडा ऐकून आळीतल्या बायका दारात जमल्या होत्या. त्यांतली धुणंवाली घरात जाऊन आपलं बिल घेऊन आली. हातातलं बिल तिने साहेबांच्या गाठोड्यावर ठेवलं.

"साहेब, आमचीपण तोडा."

मग दुसरीने ठेवलं. मग तिसरीने.

वाचकहो, ही बाई सुडाला पेटली होती असं तुम्ही म्हणाल. होतीच. पण आज उबदार खोलीत बसून हे वाचताना एवढं सांगा: तिच्या दारात तुम्ही त्या दिवशी असता, तर कुठल्या बाजूला उभे राहिला असता?