डाव्या बाजूचा नट

सायकली दुरुस्त करणाऱ्या बू वारसिनीने, म्हणजे वारसिनीबाईने, चाकात बसवलेला अ‍ॅक्सल मोडत नसे. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची आणि बाजाराच्या वाटेवरचं कुणी वाद घालायचं नाही, कारण ते खरंच होतं. म्हणून त्रियोनो आपली सायकल ढकलत दुकानापुढे आला आणि मागचं चाक दारुड्यासारखं डुलताना तिने पाहिलं, तेव्हा तिचं डोकंच फिरलं.

"बू, जेवण झालं का?" त्रियोनोने हसून विचारलं.

"चाकाचं बोल."

"चाक छानच आहे. तुम्ही घातलेला अ‍ॅक्सलही फार छान होता..."

"होता? मोडला ना? मग मोडला म्हण की सरळ! तुझं गोड बोलणं ऐकून मला मधुमेह व्हायचा एक दिवस."

त्रियोनोने मान खाली घातली आणि झालं ते सांगितलं. मागच्या पाहिंगच्या, म्हणजे दर पाच दिवसांनी भरणाऱ्या बाजाराला तो आईला मागे बसवून निघाला होता. पुलाच्या उतारावर चाक लचकलं आणि म्हातारी पोनिराह विकायच्या तेम्पेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांच्या टोपलीसकट रस्त्यावर पडली. हाडं शाबूत राहिली, पण त्या दिवसापासून ती म्हणते, बाजार बस्स झाला. मोटरसायकलवर ती बसत नाही. आणि बाजार नाही तर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहते.

"माझ्या अ‍ॅक्सलमुळे?" वारसिनीने विचारलं. तिला खरोखर लागलं ते.

तिने सायकल उलटी केली. चाक फिरवलं, रिमजवळ बोट धरलं. रिम वाकडी नव्हती, मधल्या हबसकट अख्खं चाकच डुलत होतं. म्हणजे तारा आवळून उपयोग नव्हता. तिने पान्हा लावला, चाक काढून घेतलं आणि अ‍ॅक्सल ओढला तर तो दोन तुकड्यांत हातात आला. छर्रे रॉकेलच्या वाटीत पडले. तिने ते चोळून उजेडात पाहिले. सगळे गुळगुळीत होते, हबही आतून धड होता.

मग तिने मोडलेलं टोक डोळ्याजवळ धरलं. निम्मा भाग काळपट, निम्मा लख्ख. हा एका दणक्यात मोडलेला नव्हता, महिनोन्‌महिने चिरत आलेला होता. आणि मोडला होता डावीकडे. जोराने पॅडल मारणाऱ्यांचा अ‍ॅक्सल चेनच्या बाजूला, उजवीकडे मोडतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

तिने दोन्ही नट शेजारी ठेवले. उजवा गंजलेला. डावा घासून घासून चांदीसारखा झालेला, आणि त्याच्या आट्यांत निळ्या रबराचा चुरा अडकलेला.

"तुझ्या घरी निळी चप्पल कोण घालतं रे?"

त्रियोनोने नटावरून नजर काढली आणि शर्टाच्या टोकाने पॅडल पुसायला घेतलं. वारसिनीला उत्तर मिळालं.

"म्हणजे तुला ठाऊक होतं! आई नटावर पाय देऊन चढते. दर वेळी सगळं वजन त्या बोटभर टोकावर!"

"बू, हळू बोला. तिला कसं सांगू? मी जड झाले, असंच ती समजेल. मग कधीच बसायची नाही."

"आत्ता कुठे बसतेय?"

वारसिनी कामाला लागली. नवा अ‍ॅक्सल तिने काचेवर लोळवून सरळ आहे याची खात्री केली. ग्रीस भरलं, छर्रे बसवले, चाक अडणार नाही आणि हलणारही नाही इतपत अ‍ॅक्सलवरचा कोन-नट आवळला. टोकं नटाबाहेर उरली ती, पाय द्यायला काही राहू नये म्हणून, करवतीने कापून टाकली. मग पाय ठेवायला एक जाड लोखंडी पट्टी वाकवून तिने डाव्या बाजूला सायकलच्या सांगाड्यालाच घट्ट बोल्ट केली. तिच्यावर स्वतः उभी राहिली. वारसिनी काही हडकुळी बाई नव्हती. पट्टी हललीसुद्धा नाही.

"चल, मीही येते," ती म्हणाली.

"तुम्ही सांगणार तिला?"

"माझा अ‍ॅक्सल बदनाम झालाय. सांगणारच."

पोनिराह ओसरीवर चटईवर पडली होती. वारसिनीने मोडलेले तुकडे तिच्यापुढे ठेवले. "म्बाह, आजी, हे तुमच्या पायाने मोडलंय."

त्रियोनोने डोळेच मिटून घेतले.

म्हातारी उठून बसली. तुकड्यांवरून तिने बोट फिरवलं. "ठाऊक आहे मला. पाय ठेवला की करकरायचं ते. पाय ठेवायला काहीतरी लावून दे, असं म्हणणार होते. पण हा किती हौसेने नेतो मला! त्याच्या सायकलीला नावं कशी ठेवू?"

"अरे देवा!" वारसिनी कपाळावर हात मारून म्हणाली. "तुम्ही दोघं एकमेकांची मनं जपत बसा, आणि मरू दे माझा अ‍ॅक्सल!"

म्हातारीला हसू आलं, पण तिने ते आवरलं. ती लेकाकडे वळली. "ले, पोरा, खरं सांग. मी जड झालेय का रे?"

त्रियोनोने सवयीने मान हलवून नाही म्हणायला तोंड उघडलं. वारसिनी त्याच्याकडे रोखून बघत होती.

"झालात, म्बोक. चढावर तर दम निघतो माझा."

जन्मात पहिल्यांदा तो आईला असं बोलला होता. त्याचे कान लाल झाले. पोनिराहने उठून चटई गुंडाळली आणि भिंतीला लावून ठेवली.

"मग चढावर मी उतरून चालेन," ती म्हणाली. "एवढं आधी सांगायला काय झालं होतं? जा, सोयाबीन भिजत घाल. पाहिंगला तेम्पे कमी पडले तर मी ऐकून घेणार नाही."