दुयेन खिंडीत बसली

फ्रेंचांची फौज डोंगरापलीकडं सरहद्दीवरच्या लांग सोन ठाण्यावर चालून निघाली, त्या हिवाळ्यात आमच्या गावाकडून साठ खांदे मागितले गेले. माणसं नव्हे, खांदे. हुकमात शब्दच तसा होता. गावात अक्षरं शिकवणारा मास्तर मी, म्हणून हुकूम मीच वाचून दाखवला. तेतचा, नव्या वर्षाचा सण पंधरवड्यावर आला होता. बायकांनी चिकट तांदूळ निवडायला काढला होता.

मुखिया तोआननं घरटी एक नाव लिहायला लावलं; माझ्या घरातून माझंच. दुयेनच्या घरातून तिच्या नवऱ्याचं नाव आलं. तो दोन वर्षं खोकत अंथरुणावर पडलेला. दुसऱ्या दिवशी सगळे नदीकाठी जमले, तेव्हा त्याच्या जागी दुयेनच कावड घेऊन उभी. चाळिशीची, बुटकी, रुंद खांद्यांची बाई. कुंभारांची मडकी बाजाराला वाहून नेण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"वहिनी, यादीत दादांचं नाव आहे," मी म्हणालो.

"त्यांना खांदे हवेत ना? हे बघा, दोन आहेत." तोंडातलं पान तिनं या गालातून त्या गालात सरकवलं. "नवऱ्याचं नाव खोडा आणि माझं लिहा. नीट लिहा हं मास्तर. नाहीतर मरेन मी आणि रडतील भलत्याच्या घरी."

मुखियानं तोंड फिरवलं. बाईला वेठीला पाठवल्याची लाज त्याला वाटली असावी, पण साठाचा आकडा भरला होता.

फौजेच्या तळावर प्रत्येकाच्या गळ्यात आकड्याचा पत्र्याचा बिल्ला अडकवला गेला. आमच्यासारखे कितीतरी गावांचे जथे तिथं आले होते. रसदीचा कारभार बघणारा कप्तान लाल मिशांचा होता. तो दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. दिवसभर उभ्यानं लिहायचा, धड जेवायचाही नाही. पुढं फौज उपाशी राहू नये, एवढं एकच त्याच्या डोक्यात. त्याचा दुभाषा फुओक सायगॉनचा. त्याची दक्षिणेकडची बोली ऐकून आमची माणसं हसायची आणि तो चिडायचा.

मला ओझं दिलं नाही. माझ्या काड्यांसारख्या हातांकडं बघून कप्तानानं मला आमच्या जथ्याची हजेरी घ्यायला लावलं. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

तांदळाची पोती, काडतुसांच्या पेट्या आणि लाकडी पिंपं घेऊन आम्ही डोंगरात शिरलो. एकेक पिंप बांबूला टांगून चौघं वाहायचे. बारीक पाऊस थांबत नव्हता. लाल चिखलात पाय पोटरीपर्यंत जायचे. तिसऱ्या दिवशी आमच्यातला म्हातारा खोआत वाटेतच बसला. पहाऱ्यावरच्या शिपायानं त्याच्या गळ्यातला बिल्ला काढला, त्याचं ओझं इतरांत वाटलं आणि रांग पुढं हाकली. दुयेन रांगेत पार पुढं होती. तिला हे मुक्कामावर कळलं.

"म्हणजे कुत्र्यासारखं टाकून आलात?" ती मला म्हणाली.

"हुकूमच तसा आहे, वहिनी. जो पडेल, त्याचं नाव खोडायचं."

"खोडलंत?"

"अजून नाही."

ती पाठ फिरवून आपल्या कावडीकडं गेली. त्या संध्याकाळी माझ्या शेजारी कुणी जेवायला बसलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही खिंडीत पोचलो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधून जेमतेम एका माणसापुरती वाट. तिथं थीन कोसळला. हा आमच्या गावचा कोळी. रात्रीपासून तापानं फणफणला होता. शिपाई त्याच्या गळ्यातला बिल्ला काढायला वाकला. थीनच्या पुढंच दुयेन चालत होती. तिनं मागं वळून बघितलं, कावड खांद्यावरून उतरवली, वाटेवर आडवी ठेवली आणि स्वतः तिच्यावर बसली.

मागची रांग थांबली. पिंपवाले थांबले, पेटीवाले थांबले, खाली वळणापर्यंत शेकडो माणसं ओझी उतरवून जागच्या जागी बसली. शिपायानं तिला बंदुकीच्या दस्त्यानं ढोसलं. ती हलली नाही. कनवटीची पिशवी सोडून ती पानाला चुना लावत बसली.

कप्तान घसरत, धापा टाकत आला. मागोमाग फुओक.

"ए बाई, ऊठ! साहेब गोळी घालतील."

"घालू दे. पण आधी विचार त्याला, मग माझी कावड कोण उचलणार? तू? तुझे बूट खराब होतील रे."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. कप्तानानं पिस्तूल काढलं आणि हसणं थांबलं.  फुओकनं घाईघाईनं त्याचं म्हणणं सांगितलं. "साहेब म्हणतात, पुढं लढाई चाललीय. आजारी माणूस न्यायला सवड नाही. त्याला न्यायचं तर दोन खांदे फुकट जातात."

"बरं. आणि त्या पिंपांत काय आहे?"

"दारू. अधिकाऱ्यांच्या जेवणासाठी."

"एका पिंपाला चार माणसं," दुयेन म्हणाली. "त्या पिंपाला घरी बायको नाही, पोर नाही. त्याला माणसांच्या खांद्यावर बसून जाता येतं. मग थीनला का नाही? सांग त्याला, जसं म्हटलं तसंच सांग. मधे पाणी घालू नकोस."

फुओकनं आपल्या बुटांकडं बघितलं. मग सांगू लागला. मला फ्रेंच येत नाही, पण त्यानं पाणी घातलं नसावं, कारण कप्तानाचा चेहरा मिशांइतका लाल झाला. तो माझ्याकडं वळून काहीतरी ओरडला.

"हजेरी घे," फुओक मला म्हणाला. "नाव पुकारलं की उठून ओझं घ्यायचं. जो उठणार नाही, त्याचं नाव साहेबांना द्यायचं."

मी यादी उघडली.  यादीत पहिलं नाव खोआतचं. ते सोडून मी दुसऱ्यापासून सुरुवात करू शकलो असतो. सगळे तेच धरून चालले होते. मी वाचलं, "होआंग वान खोआत."

 मी पुन्हा वाचलं, "होआंग वान खोआत."

"मागं राहिलाय," दुयेन म्हणाली.

मी तिसऱ्यांदा तेच नाव पुकारलं. या वेळी आमचा अख्खा जथा ओरडला, "मागं राहिलाय!" मग खालच्या वळणावरचे, दुसऱ्या गावांचे, ज्यांनी खोआतला कधी पाहिलंही नव्हतं, तेही ओरडले. कड्यावरून आवाज फिरून आला. दुसरं नाव मी वाचलंच नाही. कप्तानानं माझ्या थोबाडीत मारली, यादी चिखलात पडली. ती उचलून मी पुसली आणि दुयेनच्या शेजारी जाऊन बसलो. 

खिंडीपलीकडून तोफांचा आवाज येत होता. कप्तान त्या आवाजाकडं कान देऊन उभा राहिला. काडतुसं दुपारपर्यंत पोचायला हवी होती. एका बाईला मारणं सोपं होतं. पण मग दरीच्या काठावर बसलेल्या शेकडो माणसांना त्याच्या मूठभर शिपायांनी उठवायचं कसं? त्यानं पिस्तूल कमरेला अडकवलं आणि दोन पिंपांकडं बोट केलं.

पिंपं कड्याशी टेकवून ठेवली. रिकाम्या झालेल्या बांबूला झोळी बांधून थीनला उचललं. दोघं उलट्या पावली खोआतच्या शोधात गेले. पिंपांचं पुढं काय झालं, ते मागून येणाऱ्या शिपायांच्या गाण्यांवरून कळलंच.

खोआत भेटला, पण जिवंत नाही. त्याला तिथंच माती दिली, डोक्याशी दगड उभा केला. कुठल्या वळणावर, कुठल्या ओढ्यापाशी, ते मी त्या दोघांना विचारून त्याच्या मुलासाठी लिहून घेतलं.

मुक्कामावर कप्तानानं हिशेब चुकता केला. दुयेनला खांबाला बांधून वीस वेत मारायचा हुकूम झाला. सगळ्या हमालांना समोर उभं केलं होतं. ती फुओकला म्हणाली, "मोठ्यानं मोज. एकविसावा पडला तर बघ." तो मोजू लागला. बाराव्याला त्याचा आवाज चिरकला आणि तो थांबला. उरलेले आकडे आम्ही मोजले, सगळ्यांनी मिळून. सोडल्यावर ती खाली बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "झालं? उद्या जो पडेल, त्यालाही उचलायचा आहे."

आणि तसंच झालं. पुढच्या दिवसांत आमचे चारजण पडले, चारही उचलले. कप्तानानं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. झोळीतला थीन लाजेनं मरत होता. "मला खाली ठेवा, वहिनी, मी चालतो." दुयेन पाठीवरचे वळ सांभाळत बाजूनं चाललेली. "गप्प पड रे. एवढी वर्षं मडकी वाहिली, एकही मडकं असं कुरकुरलं नाही."

वसंतात फौज लांग सोनहून घाबरून उलटी पळत सुटली, तेव्हा आम्हीही रानावनातून वाट काढत घर गाठलं. साठांतले त्रेपन्न; बाकीचे तापानं आणि त्या पळापळीत गेले. दुयेनचा नवरा तेतच्या आधीच गेला होता. शेजाऱ्यांनी त्याला माती दिली होती. ती तीन दिवस घराबाहेर आली नाही. चौथ्या दिवशी मडकी घेऊन बाजाराला निघाली.

शरदात पुन्हा हुकूम आला. या वेळी चाळीस खांदे. मुखियानं ढोल वाजवला, पुरुष गावदेवाच्या देवळात जमले. बायकांना तिथं बसायची रीत नाही. दुयेन आली आणि मधोमध चटईवर बसली.

"ही जागा तुझी नाही," मुखिया म्हणाला.

"खिंडही माझी नव्हती," ती म्हणाली. "ऐका. चाळीस नाही, चारही नाही. कुणी जायचं नाही."

"गाव जाळतील!"

"बांबूचं आहे. पुन्हा बांधू. खोआतला कुठल्या बांबूनं बांधाल?"

खोआतचा मुलगा उठून तिच्या मागं जाऊन बसला. मग थीन. मग मी. मुखियानं दाढी कुरवाळली. शेवटी म्हणाला, "मास्तर, यादीचा कागद ठेवून द्या. होड्या किती आहेत ते बघा."

पहाटे अख्खं गाव, म्हशी आणि कोंबड्यांसकट, नदीपलीकडच्या लव्हाळ्यात शिरलं. शिपाई आले, रिकाम्या गल्ल्या बघून चिडले आणि सतरा घरं पेटवून गेले. धूर आम्हाला दिसत होता. सतरांत दुयेनचंही घर होतं. तिनं ते ओळखलं, पाण्यात पानाची पिंक टाकली आणि म्हशीला पुढं ओढलं. एकोणीस दिवसांनी आम्ही परतलो आणि बांबू तोडायला लागलो.