घंटीचं कुलूप आणि काळी पाटी

जेवताना एक जण ताटाकडे न बघता मोबाइलकडे बघतोय, असं घर, वाचकहो, तुमचंही असू शकतं आणि माझंही. या गोष्टीतलं घर एका चष्मेवाल्याचं आहे. खाली दुकान, वर घर. दिवसभर तो लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलून विचारायचा, "हे स्पष्ट दिसतं, की ते?" त्याला स्वतःला मात्र त्या दिवसांत एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती. आपल्याला कुणीतरी चक्क फसवलं!

"अहो, भाजी थंड झाली," बायको म्हणाली.

"होऊ दे. आजही उत्तर नाही. नुसतं वाचून ठेवलंय. निर्लज्ज!"

त्याला नाद होता जुन्या कुलपांचा. बायको पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे चोरण्यासारखं काही असेल, तर ती कुलपंच." असल्या नादिष्टांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, 'कुलूपबंद मंडळी' नावाचा. तिथे खऱ्या नावाने कुणी वावरत नसे. कुणी 'कडीकोयंडा', कुणी 'तिजोरीवाला', आणि सगळा कारभार पाहणारा तो 'दरबान'. आपला माणूस तिथेही 'चष्मेवाला'च होता.

मंडळींत कुलपाच्या बदल्यात कुलूप असा व्यवहार चाले आणि त्याची एक रीत ठरलेली होती. दोघांनी एकमेकांना आधी नुसतं कुलूप पाठवायचं. किल्ली आपल्याजवळ ठेवायची. दोन्ही कुलपं पोचून दोघांनी 'पसंत' म्हटलं की मगच किल्ल्या रवाना करायच्या. किल्लीवाचून कुलूप कुणाच्या कामाचं? त्यामुळे कुणी कुणाला टोपी घालणार नाही, असा हिशेब. रीत चांगलीच होती. पण रीत कितीही चांगली असली तरी ती पाळणारी शेवटी माणसंच!

चष्मेवाल्याने पाठवलं होतं ते घंटीचं कुलूप. किल्ली फिरवली की आत टिणटिण वाजणारं. त्याच्या वडिलांनी जन्मभर याच दुकानाच्या दाराला ते लावलं होतं. संध्याकाळी खाली घंटी वाजली की वर पोरं पटापट पुस्तकं उघडून बसायची. असं कुलूप त्याने का द्यावं? मोह, दुसरं काय! ग्रुपवर 'गंजका खिळा' नावाच्या सभासदाने एका मासोळी कुलपाचा फोटो टाकला होता. अंगावर बारीक खवले, पोटावर कारागिराचा शिक्का आणि वयाने आलेला सुरेख काळपटपणा. चष्मेवाल्याला झोप लागेना. बोलणं झालं, त्याने वडिलांचं कुलूप गुंडाळून पाठवून दिलं, आणि तिकडून मात्र मासोळी आलीच नाही. दोन महिने होत आले, तरी गंजका खिळा मूग गिळून बसला होता.

अशांसाठी ग्रुपवर 'काळी पाटी' होती. बुडवणाऱ्याचा फोटो, खरं नाव, पत्ता, सगळं तिथे लागायचं. एकदा लागलं की कधी पुसलं जात नसे. दुसरे ग्रुपही ते उचलून आपल्या भिंतीवर चिकटवायचे. दरबानाने कळवलंच होतं, 'मजकूर पाठवा, संध्याकाळपर्यंत चढवतो.'

तो मजकूर चष्मेवाला दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात बसून लिहीत होता. गिऱ्हाईक नव्हतं. शोधाशोध करून त्याने गंजक्या खिळ्याचा फोटो मिळवला होता. तो एका शाळेची बस चालवायचा. शाळेचं नावही सापडलं होतं.

तेवढ्यात सासूबाई जिना उतरून आल्या. त्यांच्या चष्म्याची काडी मोडली होती, म्हणून तो जावयाकडे दुरुस्तीला होता. "झाला का हो माझा चष्मा, जावईबापू? की सासूचं काम सगळ्यांत शेवटी?"

"झालाच, आई. जरा एवढं लिहून होऊ दे."

"काय लिहिताय एवढं दात-ओठ खाऊन? वाचा तरी. मला चष्म्याविना दिसत नाही, ऐकायला येतं अजून."

चष्मेवाल्याने मोठ्या आवाजात वाचलं. शेवटचं वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं होतं. ते त्याने दोनदा वाचलं. 'अशा भामट्याच्या हाती तुम्ही आपली मुलं सोपवता? शाळेलाही कळवत आहे!'

सासूबाई स्टुलावर टेकल्या. त्यांनी बरीच वर्षं वाचनालय चालवलं होतं. पुस्तक नेऊन परत न देणाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या त्यांनी पाहिल्या होत्या.

"त्याची नोकरी जाईल," त्या म्हणाल्या.

"जाऊ दे! माझं कुलूप गेलं ते?"

"कुलपाच्या बदल्यात नोकरी. महागातला सौदा आहे. बरं, त्याचं म्हणणं काय आहे?"

"तो बोलेल तर ना! वीस मेसेज केले."

"वाचा बघू तेही."

चष्मेवाला वाचायला लागला. पहिल्या मेसेजात 'वाट पाहतोय' होतं. चौथ्यात 'हे बरं नाही'. पुढे 'लबाड', 'चोर', आणि शेवटी 'बघून घेईन'. वाचता वाचता त्याचा आवाज आपोआप बारीक होत गेला.

"यात तुम्ही त्याला काही विचारलेलंच नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "नुसतं ठणकावलंय. अहो, पुस्तक बुडवणारा दर वेळी चोर नसतो. बहुतेक वेळा लाजलेला असतो. कुणाच्या पोराने पान फाडलेलं, कुणी त्यावर चहा सांडलेला. पहिल्या आठवड्यात येऊन सांगायला जीभ रेटत नाही. दुसऱ्या आठवड्यात तर पायच रेटत नाहीत. मग तो वाचनालयाचा रस्ताच बदलतो. मी अशांना एक कार्ड टाकायची. 'पुस्तक आवडलं का?' एवढंच. निम्मे लोक धावत यायचे!"

"आणि उरलेले निम्मे?"

"त्यांतले काही खरेच लबाड. त्यांचं सभासदत्व मी खुशाल रद्द केलं. तुमची पाटी फोडा, असं नाही म्हणत मी. पण पाटीवर माणूस लटकवायचा, तर आधी त्याला एकदा नीट विचारा. न विचारता लटकवणं म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाचे डोळे न तपासताच नंबर काढणं झालं!"

हा टोला मात्र चष्मेवाल्याला वर्मी लागला. त्याने मजकूर बाजूला ठेवला, पुसला मात्र नाही. सासूबाईंनी सांगितलं तसं त्याने कुरकुरतच टाइप केलं. 'कुलूप पोचलं ना? त्याची घंटी किल्लीशिवाय वाजत नाही, म्हणजे तुम्ही ती ऐकली नसणार. तुमच्याकडे काही अडचण झाली का?'

उत्तर आलं नाही. संध्याकाळी दरबानाचा मेसेज आला, 'मजकुराचं काय?' चष्मेवाल्याने लिहिलं, 'उद्या.'

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना पायरीवर एक माणूस उभा होता. हातात पुठ्ठ्याचा खोका. फोटोतल्यापेक्षा थकलेला चेहरा.

"मी गंजका खिळा," तो म्हणाला. "शाळेला सुट्टी आहे आज. पहिल्या गाडीने आलो."

आत येऊन त्याने खोका टेबलावर ठेवला. लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेलं घंटीचं कुलूप त्याने अलगद बाहेर काढलं, जसं गेलं होतं तसं. मग दुसऱ्या मोज्यातून मासोळी काढली. ती पाहून चष्मेवाल्याच्या तोंडून अक्षरशः किंकाळीच बाहेर पडली.

"अरेरे! हे काय केलंत!"

मासोळी लखलखत होती. नव्या चमच्यासारखी. काळपटपणा गेला होता, खवले बोथट झाले होते आणि पोटावरचा शिक्का साफ पुसला गेला होता. हा नाद असणाऱ्यांच्या लेखी तिला आता काही किंमत उरली नव्हती.

"तुम्ही बापाच्या हातचं कुलूप देताय म्हटल्यावर मला वाटलं, आपणही चकचकीत करून द्यावं," ड्रायव्हर खाली मान घालून सांगू लागला. "नवीनच आहे मी या नादात. गॅरेजमधली गंज काढायची पावडर होती, तिने घासलं. घासताना काय आनंद झाला म्हणून सांगू! मग फोटो टाकायच्या आधी ग्रुपवरचं जुनं बोलणं वाचलं, की जुनं कुलूप कधी घासायचं नसतं, आणि फोटो टाकलाच नाही."

"मग सांगायचं नाही का?" चष्मेवाला ओरडला.

"सांगणारच होतो. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी काल का नाही सांगितलं, याची लाज वाटली. दर रविवारी भंगाराची दुकानं पालथी घालत होतो, की अशीच दुसरी मासोळी मिळेल आणि गुपचूप पाठवून देता येईल. मग तुमचे मेसेज यायला लागले. फोन वाजला की रस्त्यावरून लक्ष उडायचं. मुलांची बस चालवणारा माणूस मी, लक्ष उडून कसं चालेल? फोन बंद करून ठेवायला लागलो. काल मात्र तुम्ही विचारलंत, अडचण झाली का. दोन महिन्यांत कुणीतरी विचारलं!"

 चष्मेवाल्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये तो मजकूर अजून तसाच होता. 'अशा भामट्याच्या हाती तुम्ही आपली मुलं सोपवता?' काल पाठवायच्या बटणावर बोट पडलं असतं, तर आज हा माणूस या पायरीवर नाही, शाळेच्या फाटकाबाहेर उभा असता. चष्मेवाल्याला स्वतःची अतिशय लाज वाटली.

जिन्यात उभ्या असलेल्या सासूबाई पुढे आल्या. त्यांनी ड्रायव्हरलाही सोडलं नाही. "तुम्हीही काही कमी नाही हो! चूक घडली, ती माफ. पण यांना दोन महिने झुरत ठेवलंत, ती चूक नव्हे, ते तुम्ही स्वतः केलंत. एका ओळीत काम झालं असतं. 'माझ्या हातून बिघडलं.' एवढे तीन शब्द काय जड होते?"

"खरं आहे, आजी," तो म्हणाला. "तेच सगळ्यांत जड होते."

चष्मेवाल्याने मोबाइल काढला आणि तो मजकूर पुसला. मग खण उघडून किल्ली काढली आणि ड्रायव्हरपुढे धरली. "फिरवा. ऐका तरी."

ड्रायव्हरने किल्ली फिरवली. टिणटिण!

वरून बायकोचा आवाज आला, "अहो, सकाळी सकाळीच दुकान बंद केलंत की काय?"

तिघंही हसले. हसता हसता चष्मेवाल्याचे डोळे भरून आले. आधी वडिलांचं आणि ते गेल्यावर त्याचं, दुकान बंद करून वर येणं या घराला त्याच आवाजाने कळत आलं होतं. मासोळीच्या मोहापायी आपण काय देऊन बसलो होतो, हे त्याला आत्ता कळलं.

"हे मी ठेवतो," तो म्हणाला. "सौदा रद्द. तुमची मासोळी तुम्ही न्या. उघड्यावर ठेवा, पुसू नका. शिक्का काही परत यायचा नाही, रंग मात्र येईल हळूहळू."

त्याच दिवशी ड्रायव्हरने ग्रुपवर सगळी हकिकत स्वतः लिहिली, लखलखीत मासोळीच्या फोटोसकट. खाली चष्मेवाल्याने लिहिलं, 'आणि मी याला न विचारता पाटीवर चढवणार होतो.'  मग कडीकोयंड्याने लिहिलं, 'माझ्याकडेही एकाचं कुलूप राहिलंय. उद्या पाठवतो.' दरबानाने थोडी खळखळ केली, पण रीत बदलली. आता पाटीवर नाव लावण्याआधी त्या माणसाला शांतपणे विचारलं जातं, आणि उत्तराला आठवडा दिला जातो. पुढच्याच महिन्यात एक पक्का लबाड निघाला. त्याला विचारलं, तो हूं की चूं करीना. तो पाटीवर लागला, आणि त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

वाचकहो, न पाहिलेल्या माणसाला दिलेला शब्दही शब्दच असतो. तो पाळा! पाळता येत नसेल, तर ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी सांगा. उद्यावर टाकलेली लाज उद्या दुप्पट होते. आणि ज्याचं येणं असेल, त्याने चारचौघांत बोंब मारण्याआधी एकदा तरी विचारावं, काय झालं बाबा? त्यात आपलं काही जात नाही, आणि समोरच्याला परत यायला वाट राहते.

ड्रायव्हर येऊन गेला त्या संध्याकाळी चष्मेवाल्याने दुकानाला घंटीचं कुलूप लावलं. आवाज वर पोचला तशी बायकोने ताटं मांडली. जेवताना त्याचा मोबाइल खाली दुकानातच राहिला होता.