बाबांची कुजबुज

शोकसभेत बाबांबद्दल पाच मिनिटं बोलायचं काम धाकटीच्या गळ्यात पडलं, कारण थोरल्यानं सकाळीच हात वर केले होते. "दोनशे खुर्च्या लावतो, हव्या तर डोक्यावर घेऊन उभा राहतो, पण मला माइकपुढे ढकलू नकोस," एवढं बोलून तो आपल्या बेकरीच्या टेम्पोत बसून सभागृहाकडे पसार झाला.

धाकटी जमिनी मोजणारी बाई. दिवसभर दुर्बिणीला डोळा लावून कोन आणि अंतरं टिपायची सवय. माणूस टिपायची नव्हती. जेवणाच्या टेबलाशी बसून तिनं लिहिलं, 'बत्तीस वर्षं तोफखान्यात सेवा. देवावर नितांत श्रद्धा. कुटुंबवत्सल.' वाचून पाहिलं, तर चौकातल्या कुठल्यातरी पुतळ्याखालची पाटी वाटली. तिनं सरळ फुली मारली आणि खरं काय ते लिहायला घेतलं.

खरं म्हणजे बाबांची प्रार्थना.

साधे शिपाई म्हणून भरती होऊन अधिकारी म्हणून निवृत्त झालेले बाबा घरात फारसं बोलत नसत. कौतुक करायचं झालं तर "हं" म्हणत आणि रागवायचं झालं तरी "हं"च म्हणत. फरक ओळखायचा तो भुवयांवरून. पण रोज सकाळी साडेपाचला, घोटून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते मागच्या खोलीत जात, दार लोटून घेत, सावधान उभे राहत आणि देवाशी गुपचूप बोलत. तोफांनी त्यांचे कान पार कामातून गेलेले. त्यामुळे त्यांना जी कुजबुज वाटे, ती दोन खोल्या ओलांडून पांघरुणातल्या पोरांपर्यंत खणखणीत पोचे.

धाकटी नववीत असताना तिला त्रिकोणमितीत शंभरपैकी अकरा गुण पडले. तिनं गुणपत्रिका गादीखाली सरकवली आणि चेहरा निर्विकार ठेवला. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतून आवाज आला, "देवा, धाकटीला अकरा पडलेत. गादीखाली ठेवलंय. मी विचारणार नाही. आपणहून शिकवायला गेलो तर ती फुगून बसेल, तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. पण तिनं विचारलं, तर मला येतं. जन्मभर तेच केलंय."

पांघरुणाच्या आत धाकटीचे कान लाल झाले. संध्याकाळी ती वही घेऊन गच्चीवर गेली. बाबांनी समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. "समज, ती उडवायचीय."

"बाबा, त्यात शेजाऱ्यांचं पाणी आहे!"

"म्हणूनच कोन चुकायला नको. मांड गणित."

महिन्याभरात कॉलनीतली एकही टाकी शिल्लक राहिली नाही. वार्षिक परीक्षेत धाकटीला अठ्ठ्याऐंशी पडले, आणि पुढं तिनं पोटापाण्याचा धंदाही कोनांचाच धरला.

थोरल्याची कथा वेगळी. त्याला सैन्यात जायचं नव्हतं, पाव भाजायचे होते. पण हे बाबांना सांगायचं तो रोज उद्यावर ढकली. एका सकाळी ऐकू आलं, "देवा, थोरल्याला भरती व्हायचं नाही. सांगायला घाबरतोय. सांगितलं की मी चार दिवस रागावणार, त्याला माझा इलाज नाही. पाचव्या दिवशी उतरेल. तेवढे दिवस त्यानं सांभाळून घ्यावं." थोरल्यानं त्याच दिवशी नाश्त्याला सांगून टाकलं. बाबा उठून गेले. थोरल्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार फुल्या मारल्या. पाचव्या दिवशी बाबांनी त्याच्यासमोर बसत विचारलं, "भट्टी विजेची घेणार की गॅसची?"

धाकटीनं हे सगळं लिहून काढलं. दुपारी वायरलेसकाका आले. बाबांच्या तुकडीत वायरलेस सांभाळायचे, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. लांबचा प्रवास करून थेट घरीच उतरले होते. आईनं त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि धाकटीनं उत्साहानं कागद वाचून दाखवला. काका टाकीपाशी खदखदून हसले. प्रार्थनेचं मात्र त्यांना काही पटेना.

"मोठ्यानं? तो मोठ्यानं प्रार्थना करायचा?"

"भोंगा लावल्यासारखा, काका."

"अगं पोरी, वीस वर्षं आम्ही एका तंबूत झोपलो. तो रोज उठून प्रार्थना करायचा हे खरं, एक दिवस चुकला नाही. पण नुसते ओठ हलायचे. शेजारच्याची झोपसुद्धा मोडायची नाही."

"तेव्हा कान चांगले असतील त्यांचे."

"छे! मी भेटलो त्याच्या आधीच गेले होते. मी त्याला हातवारे करून निरोप द्यायचो."

धाकटीनं हातातला कागद खाली ठेवला. मग तिनं वळून आईकडं पाहिलं. आई साखरेच्या डब्याचं झाकण लावत होती. गरज नसताना दोनदा लावलं.

"आई, तुला माहीत होतं?"

"लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात कळलं," आई म्हणाली. "आमटीत मीठ जास्त पडतंय हे मला सांगायची छाती होईना, तर देवाला सांगितलं. मग मीही सुरू केलं. देवा, पडदे फार जुने झालेत गं बाई, असं मोठ्यानं म्हणायची खिडकीशी उभी राहून. शनिवारी पडदे यायचे."

काकांना हसताना ठसका लागला. धाकटीही हसली, पण तिच्या मनात एक सकाळ उभी राहिली होती. आईचं मोठं ऑपरेशन होतं तो दिवस. साडेपाच वाजले, आणि मागच्या खोलीतून काहीच ऐकू येईना. धाकटी घाबरून दाराच्या फटीतून पाहायला गेली. बाबा सावधान उभे होते, दोन्ही मुठी आवळलेल्या, ओठ भराभर हलत होते आणि आवाज अजिबात नव्हता. त्या दिवशी तिला वाटलं होतं, बाबांचा घसा बसला.

संध्याकाळी ती सभागृहात बोलली. पाच मिनिटांची पंधरा झाली. लोक टाक्यांना हसले, चार फुल्यांना हसले, आणि त्या सकाळबद्दल सांगताना तिचाच आवाज गेला, तेव्हा पहिल्या रांगेतून आई म्हणाली, "पाणी पी आणि पुढं सांग." तिनं पाणी प्यायलं आणि पुढं सांगितलं.

सभा पांगल्यावर थोरला खुर्च्या एकात एक घालत होता. धाकटी मदतीला गेली. आई पर्स घेऊन शेजारीच उभी होती.

"एक विचारू?" तो शेवटी आईला म्हणाला. "बेकरीबद्दल ते देवाशी कधीच काही बोलले नाहीत ना? बावीस वर्षं झाली."

"बोलले की. कितीदा तरी!" आई म्हणाली. "तू पहाटे चारला भट्टीवर गेलेला असायचास. ऐकायला घरी होतास कुठं?"

"मग तू तरी सांगायचंस!"

"अरे, मला वाटलं तुला ठाऊक आहे." आई ओशाळली. हातातली पर्स तिनं खुर्चीवर ठेवली आणि त्याच्याजवळ गेली. "म्हणायचे, देवा, मी आयुष्यभर लोकांना पळवून लावायचं काम केलं. माझ्या पोराच्या दारात लोक सकाळी सहाला रांग लावतात. त्याच्या हाताला यश दे, आणि गुडघ्यांना जरा आराम. फार वेळ उभा असतो."

थोरल्यानं चार खुर्च्या एकदम उचलल्या आणि टेम्पोकडं निघाला. टेम्पो उघडा होता, तरी त्याला खुर्च्या आत ठेवायला बराच वेळ लागला. धाकटी मागोमाग निघाली, तर आईनं तिचा हात धरून तिला थांबवलं.

"असू दे त्याला तिथं," ती म्हणाली. "आपण तोवर माइकच्या वायरी गुंडाळू."